संगीताला हरकत नाही, राजकारणाला आहे : आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

या महिन्याच्या २ तारखेला आपल्या सोसायटीच्या सूचना फलकावर एक सूचना लागली. तिच्यात तीन वाक्ये आहेत. पहिले असे की, फाटकाजवळच्या सोनमोहराखालचा कट्टा आणि त्याच्या शेजारचे दोन बाक काढून तेथे पार्सले ठेवण्यासाठी पत्र्याची केबिन उभारण्यात येईल. दुसरे असे की, संध्याकाळी सातनंतर आवारात पाच किंवा अधिक व्यक्तींनी एकत्र बसू नये. तिसरे वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले आहे : "आवारात राजकीय चर्चा करण्यास सक्त मनाई आहे, तथापि संगीत, छंद इत्यादी विषयांवर गप्पा मारण्यास हरकत नाही, त्यासाठी सभागृहात सायंकाळी ५ ते ६ या वेळेत पूर्वनोंदणी करावी." दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बाक गच्चीवर गेले. कट्टा अजून जागेवर आहे, पण तो केवळ फोडायला माणूस मिळाला नाही म्हणून.

या सूचनेबाबत मी आपल्याला दोन पत्रे दिली. पहिल्यावर पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. दुसरे कार्यालयातील व्यवस्थापकांनी घेतलेच नाही. म्हणून हे तिसरे पत्र मी उघडपणे लिहीत आहे. आमच्या मुलुंड पूर्वेत आणि खाडीपलीकडे ऐरोलीतही ज्यांच्या इमारतींखालचे बाक याच पद्धतीने एकेक करून नाहीसे झाले आहेत, त्यांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षे ऑपरेटर होते. ट्रंक कॉलच्या काळात लोकांची बोलणी जोडून द्यायची आणि तीन मिनिटे झाली की मध्येच तोंड घालून "तीन मिनिटे झाली, वाढवायची का?" असे विचारायचे, हे माझे काम होते. बोलण्याला वेळेचे कुंपण घातले की माणसे नेमके महत्त्वाचे तेवढे बोलायचे राहून जातात, हे मी कानाने ऐकले आहे; सभागृहातील आपली ५ ते ६ ची वेळ वाचून मला प्रथम तेच आठवले. या सोसायटीत आम्ही १९९४ साली राहायला आलो. कट्टा त्याआधीचा आहे. कुंपणाची भिंत बांधून उरलेल्या विटा आणि कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या ओट्याचा उरलेला कडप्पा, एवढ्यावर तो उभा राहिला. त्या कडप्प्याची रस्त्याकडची कड आता इतकी गुळगुळीत झाली आहे की पावसाळ्यात तिच्यावरून घसरायला होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवते. पहिली अठरा वर्षे मी त्या कट्ट्यावर एकदाही बसले नाही. तो पुरुषांचा होता. बायकांच्या गप्पा भाजीच्या गाडीपाशी, हातात पिशवी घेऊन, उभ्याने होत. २०१२ मध्ये मी निवृत्त झाले आणि एका संध्याकाळी वर्तमानपत्रातले शब्दकोडे घेऊन सरळ जाऊन बसले. दहा मिनिटे कोणी काही बोलले नाही. मग ए विंगमधील एका गृहस्थांनी आडवा शब्द क्रमांक सात विचारला, तो मला आला, आणि प्रश्न मिटला. आज तेथे नियमाने बसणाऱ्या अकरा जणांत आम्ही चार स्त्रिया आहोत. तेव्हा ही जागा कोणाची मिरास आहे म्हणून मी भांडते आहे असे कृपया समजू नये. ती बदलत गेलेली मी पाहिली आहे आणि म्हणूनच ती राहावी असे मला वाटते.

आता तक्रारी.

पहिली तक्रार निर्णयाच्या पद्धतीविषयी आहे आणि ती थोडक्यात सांगण्यासारखी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ नुसार संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो. गेल्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत कट्ट्याचा विषय नव्हता. "आयत्या वेळचे विषय" यातही तो आला नाही. फाटकाचा दिवा बदलणे हे रोजच्या कारभारात मोडते, हे मला मान्य आहे. तीस वर्षांहून अधिक काळ सर्वांच्या वापरात असलेली सोय मोडून तेथे केबिन बांधणे हे त्यात मोडत नाही.

दुसरी तक्रार पाच माणसांच्या अटीविषयी. ही भाषा जमावबंदीची आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ ने लागत असे, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने लागते, आणि कोणत्याही कलमाने असो, ती लावण्याचा अधिकार सोसायटीच्या सचिवांना नसतो. शिवाय आपल्या समितीचे सदस्य अकरा आहेत. आपली बैठकही आवारातच भरते.

तिसऱ्या तक्रारीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते सारी चूक त्या "तथापि" या शब्दात आहे. राजकारण हे एका खणात, संगीत दुसऱ्या खणात आणि छंद तिसऱ्यात, असे कपाट आपण मनाशी धरले आहे. कट्ट्यावर एक संध्याकाळ बसलेल्या कोणालाही असे कपाट सुचले नसते.

उदाहरणच देते. सी विंगमधील एक सभासद टपाल तिकिटे जमवतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी आपला जुना अल्बम खाली आणला आणि सातवीतल्या एका मुलाला स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट दाखवले : २१ नोव्हेंबर १९४७, तिरंगा ध्वज, 'जय हिंद' ही अक्षरे, किंमत साडेतीन आणे. साडेतीन आणे म्हणजे किती, असे त्या मुलाने विचारले. सोळा आण्यांचा रुपया, मग १ एप्रिल १९५७ ला आलेले नवे पैसे, असा हिशेब निघाला. मुलाने बोटांवर आकडेमोड करून बावीस पैशांना थोडे कमी असे उत्तर काढले, आणि सर्वांनी त्याचे कौतुक केले. नवे पैसे आले तेव्हा भाजीवाले आण्याचे सहा म्हणायचे की सात, यावरून घरोघर कशा कटकटी झाल्या ते आमच्यातील सर्वांत वयोवृद्ध गृहस्थांनी सांगितले. तेथून गाडी नोटबंदीच्या, ८ नोव्हेंबर २०१६ च्या, रात्रीवर आली, बँकेबाहेरच्या रांगांवर आली, आणि त्या रांगा योग्य कारणासाठी होत्या की नव्हत्या यावर दोन तट पडले. तिकिटापासून येथवर यायला वीस मिनिटे लागली. आपल्या सूचनेप्रमाणे त्या मुलाला कोणत्या मिनिटाला घरी पाठवायला हवे होते?

संगीताचेही तसेच आहे. डी विंगमध्ये पेटी वाजवणारे एक सभासद आहेत. पेटीवर आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली होती आणि १९७१ मध्ये ती काही अंशी उठली, हे त्यांना कोणी आठवण करून दिली की अजूनही त्यांचा चेहरा पडतो. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, निघत नाही, तिचे सूर जागचे हलत नाहीत, हा त्या बंदीमागचा युक्तिवाद; तो संगीताचा आहे की सत्तेचा? १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मूळच्या पुण्याच्या मंत्र्यांकडे होते. त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार केली, लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला, आणि शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. दुसरीकडे, याच केसकरांच्या कारकिर्दीत संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला आणि ज्यांना मैफलीचे तिकीट परवडत नव्हते त्यांच्या घरात मोठे गवई पोहोचले. केसकर बरोबर की चूक, हा वाद आमच्याकडे तीन संध्याकाळी चालला. मी केसकरांच्या बाजूने होते, तेही चित्रपटगीतांवर जीव असताना, कारण माझ्या वडिलांनी अभिजात संगीत जे ऐकले ते केवळ रेडिओवर. पेटीवाले अर्थातच विरुद्ध बाजूला. आणीबाणीत, १९७६ साली, किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली होती, हा दाखला त्यांनी तिसऱ्या दिवशी काढला आणि मला गप्प बसावे लागले. आता सभागृहाच्या नोंदवहीत या वादाची नोंद कोणत्या विषयाखाली करायची, ते सचिवांनी मला लेखी कळवावे.

छंदांविषयी एवढेच सांगते की आमच्यातील दोघे दुर्बीण घेऊन खाडीवर रोहित पक्षी पाहायला जातात. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित केले गेले, २०२२ मध्ये तिचा रामसर स्थळांत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, समावेश झाला, आणि या दोन्ही गोष्टी पक्ष्यांनी केलेल्या नाहीत.

चौथी तक्रार मला सर्वांत जड जाते. या आवारात राजकारण नको, असे आपण म्हणता. मग दिवाळीत आपल्या फाटकावर एका इच्छुक उमेदवाराचा, तीन पुढाऱ्यांच्या छायाचित्रांसह, शुभेच्छांचा फलक तीन आठवडे कोणाच्या परवानगीने लटकत होता? त्याच इच्छुकाच्या चेहऱ्याची उटण्याची पाकिटे आणि आकाशकंदील सोसायटीच्या कार्यालयातून, पहारेकऱ्यांकरवी, घरोघर वाटले गेले. माझ्याकडचे पाकीट मी जपून ठेवले आहे. उटणे वापरले, पाकीट ठेवले. म्हणजे पुढाऱ्याने आमच्याशी बोलायला हरकत नव्हती. आम्ही आपसांत त्याच्याविषयी बोलायला लागलो तेव्हा ती निर्माण झाली.

पाचवी तक्रार एका शब्दाची. समितीच्या बैठकीत कट्ट्याचा उल्लेख "रिकामटेकड्यांचा अड्डा" असा झाला आणि तो इतिवृत्तातही गेला. त्या रिकामटेकड्यांत दोघी जणी पहाटे पाचला उठून डबे करतात, एक जण रात्रपाळी करून येतो आणि एक जण आपल्याच सोसायटीचे हिशेब गेली सहा वर्षे विनामोबदला तपासतो.

आता आपली बाजू. ती नाही असे मी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या आठवड्यात, कट्ट्यावर भांडण झाले आणि आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले, हे खरे आहे. त्यात पहिला आवाज माझा चढला, हेही खरे आहे. ए विंगमधील त्या गृहस्थांना, त्याच आडव्या शब्द क्रमांक सातवाल्यांना, मी "तुम्हाला यातले काही कळत नाही" असे सर्वांसमोर म्हटले. ते उठून गेले. मला रात्रभर झोप लागली नाही. माझा जुना ट्रान्झिस्टर, ज्याच्या काट्याचा दोरा तुटला होता, तो दुरुस्तीसाठी त्याच वेळी त्यांच्याकडे होता. दुसऱ्या दिवशी साडेसहाला ते खाली आले, ट्रान्झिस्टर कडप्प्यावर ठेवला, काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दाखवला आणि म्हणाले, "दोरा नवा घातलाय. सेल मात्र बदला, जुने पाझरलेत." मी क्षमा मागितली. त्यांनी मत बदलले नाही, मीही नाही. २० नोव्हेंबरला आम्ही एकाच रिक्षाने मतदानाला गेलो.

आपल्या नोंदीत या घटनेचा पहिला दिवस आहे, दुसरा नाही.

त्याच महिन्यातील आणखी एक संध्याकाळ नोंदीत नाही, म्हणून येथे लिहिते. ५ नोव्हेंबरला गायिका शारदा सिन्हा गेल्या. आपले रात्रीचे पहारेकरी बिहारचे आहेत. छठपूजेचे दिवस होते आणि त्यांना गावी जाता आले नव्हते. ती बातमी आम्ही बोलत असताना ते फाटकापाशी उभे राहून ऐकत होते. कोणीतरी त्यांना बसायला सांगितले. सात वर्षांत ते प्रथमच कट्ट्यावर बसले, तेही अगदी कडेला, आणि छठच्या गाण्याच्या दोन ओळी त्यांनी खालच्या आवाजात म्हटल्या. पेटीवाल्यांनी त्यांना त्या पुन्हा म्हणायला लावल्या आणि सूर कोठे लागतो ते गुडघ्यावर बोटे फिरवून पाहिले. मग निवडणुकीचा विषय निघाला. आपले मत कोणाला, असे त्यांना कोणी विचारले, तेव्हा ते म्हणाले की त्यांचे नाव गावच्या यादीत आहे. येथे त्यांना मत नाही आणि तेथे जाण्याइतकी रजा मिळत नाही. एवढी वर्षे रोज रात्री आमचे फाटक उघडणाऱ्या माणसाविषयी ही साधी गोष्ट आम्हा कोणालाच माहीत नव्हती. ती आम्हाला एका गाण्यामुळे कळली. मतदारयादीत नाव कोठे असावे हा राजकीय विषय आहे, यात मला शंका नाही.

पहिल्या मजल्यावरील कुटुंबाची तक्रार मात्र रास्त आहे. त्यांची मुलगी बारावीला आहे आणि खिडकी कट्ट्याच्या बरोबर वर आहे. आम्ही त्यांच्याकडे जाऊन बोललो आहोत. रात्री साडेआठनंतर कोणी बसणार नाही आणि मोबाईलवर गाणे लावायचे असेल तर आवाज कट्ट्यापुरताच ठेवायचा, असे आम्ही कबूल केले आहे. पार्सलांची अडचणही खरी आहे. पहारेकऱ्यांच्या खोलीत त्यांना पाय पसरायला जागा उरत नाही, इतकी खोकी तेथे साचतात. पण त्यासाठी पंपाची जुनी खोली आहे. नवा पंप बसल्यापासून ती बंद आहे, तिला दार आहे, कुलूप आहे, ती फाटकापासून वीस पावलांवर आहे आणि तिच्यात सध्या गणपतीच्या मखराचे थर्माकोल पडून आहे. पत्र्याच्या केबिनचा खर्च त्यामुळे वाचेल. झाडाविषयीही आपण म्हणता ते अंशतः बरोबर आहे. कट्ट्याची चौकट सोनमोहराच्या बुंध्याला फार जवळ आली आहे. तो कट्टा बांधला तेव्हा झाड मनगटाएवढे होते. ती चौकट बुंध्यापासून सर्व बाजूंनी एक मीटर मागे घ्यावी आणि मधली माती मोकळी ठेवावी, ही सूचना आमचीच आहे.

यावरून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

एक, सदर सूचना विशेष सर्वसाधारण सभा होईपर्यंत मागे घ्यावी. अधिनियमाच्या कलम ७६ प्रमाणे एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास अशी सभा एका महिन्याच्या आत बोलवावी लागते. आपले सभासद ११२ आहेत, म्हणजे २३ सह्या पुरतात. आमच्याकडे ४१ झाल्या आहेत आणि त्यांत कट्ट्यावर कधीही न बसलेल्या १९ जणांच्या आहेत.

दोन, गच्चीवर नेलेले बाक सभेचा निर्णय होईपर्यंत खाली आणावेत. त्यांतील एकाचा पाय नेताना वाकला आहे. तो आम्ही स्वखर्चाने नीट करून घेऊ.

तीन, आवाज आणि वेळ यांचा नियम जरूर करावा, पण तो विषय पाहून करू नये. साडेआठची मर्यादा आम्हाला असेल तर ती वाढदिवसांच्या ध्वनिवर्धकालाही असावी.

चार, आवारात व फाटकावर कोणत्याही पक्षाचा, पुढाऱ्याचा किंवा इच्छुकाचा फलक लावू नये आणि त्यांच्या भेटवस्तू कार्यालयातून वाटू नयेत, असा ठराव त्याच सभेत मांडावा. तो मी मांडते. अनुमोदक ए विंगमधील तेच गृहस्थ आहेत.

पाच, "रिकामटेकड्यांचा अड्डा" हे शब्द इतिवृत्तातून वगळावेत.

सभा होईपर्यंत आम्ही रोज साडेसहाला आपापल्या घरच्या घडीच्या खुर्च्या घेऊन त्याच झाडाखाली येऊ. सूचना अद्याप लागू आहे, तेव्हा सात वाजले की तिचे तंतोतंत पालन करू. पाच जणांनी बसू नये असे तिच्यात म्हटले आहे. म्हणून चार जण बसतील आणि बाकीचे उभे राहतील. पाळ्या लावल्या आहेत. पहिली उभे राहण्याची पाळी मी मागून घेतली आहे, कारण पिशवी हातात धरून उभ्याने गप्पा मारण्याची सवय या आवारात मला इतर सर्वांपेक्षा जुनी आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
बी विंगमधील एक सभासद

(सोबत : ४१ सभासदांच्या सह्यांची यादी, पंपाच्या खोलीची मापे, उटण्याचे रिकामे पाकीट.)